भरलेलं, रिकामं, निव्वळ

आक्का,

शाळेनं माझ्याकडे तुझ्यावर लेख मागितला आहे आणि सोबत नमुनाही पाठवला आहे. एक पान, नऊ वाक्यं, वर 'कै.' आणि त्यापुढे रिकामी रेघ. रेघेवर तुझं नाव घातलं की तुझा लेख तयार. माझं घातलं तर माझा. मी गंमत म्हणून आपल्या थोरल्या मेव्हण्यांचं घालून पाहिलं. नीट बसलं, आणि ते तर काल संध्याकाळी माझ्याकडे चहा पिऊन गेले.

मी ती नऊ वाक्यं रविवारच्या पद्धतीनं वजन करून पाहिली. निव्वळ शून्य निघालं. नमुना परत पाठवून दिला.

म्हणून हे लिहितो आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी यातलं काही लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे, बाकीच्यांना हवं असेल तर शाळेच्या दप्तरात सापडेल. मला तुझ्याबरोबरचा एक वाद पुरा करायचा आहे. तो अर्धा टाकून तू उठून गेलीस.

पण वाचणाऱ्यांना आधी काट्याचं सांगायला पाहिजे. "वाचणारा काही तुझ्या पोटात बसलेला न्हाई, बापू," असं तूच म्हणायचीस.

वाटूर फाट्यावर माझा धर्मकाटा आहे, म्हणजे मालाच्या गाड्यांचं वजन करायचा काटा. गाडी भरून येते, तिचं वजन होतं. माल उतरवून परत येते, तेव्हा रिकाम्या गाडीचं होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो माल. पावतीवर तीनच ओळी छापलेल्या असतात: भरलेलं, रिकामं, निव्वळ. कापूस असो, सोयाबीन असो, मोसंबी असो, या तीन ओळींच्या बाहेर माझं काही काम नाही.

तू निवृत्त झालीस आणि दुसऱ्याच महिन्यात केबिनच्या दारात येऊन उभी राहिलीस.

"बापू, रविवारी तुझं पत्र्याचं शेड मोकळं असतं ना? मला पाहिजे. नववी-दहावीच्या पोरांना निबंध लिहिता येत न्हाई."

"नववी-दहावीला मराठी तूच शिकवत होतीस ना इतकी वर्षं?"

"म्हणून तर," तू म्हणालीस.

पहिल्या रविवारी एकोणीस पोरं आली. काही वाटूरची, काही आष्टीकडच्या रस्त्यानं सायकलवर आलेली. तू विषय दिलास, 'माझे गाव'. तासाभरानं वह्या गोळा केल्यास आणि त्या माझ्यासमोर आणून टाकल्यास. "तू मोजायला बरा. ह्यात नारळ किती जणांनी लिव्हलाय, तेवढं मोज."

मी मोजलं. एकोणिसातल्या चौदा गावांत नारळी-पोफळीच्या बागा होत्या. पाच गावांजवळ खाडी होती. आपल्या परतूर तालुक्यात, आक्का, खाडी.

तू पहिल्या ओळीतल्या पोराला विचारलंस, "पोफळी म्हंजे काय रे?"

तो उभा राहिला. थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाई, पोपटाची बायको."

कोणी हसलं नाही. बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं. तू मात्र शेडच्या मागे जाऊन पाच मिनिटं हसून आलीस, आणि आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. तेव्हा मला वाटलं हसून झाले असतील. आता वाटतं, तू तुझी नोकरीची वर्षं मोजून आली असशील.

पुढच्या रविवारी 'माझी आई'. शबानाच्या आईनं पहाटे उठून सडा घातला आणि तुळशीला पाणी घातलं.

"शबाना, तुमच्या दारात तुळस हाये?"

"न्हाई बाई."

"मंग?"

"गाईडमधी हाये."

"बरं. तुझी अम्मी पहाटं उठून खरंच काय करती?"

"नळ आल्याची वाट बघती. बादल्या लावून ठेवती आन् त्याच्यापाशीच बसून झोपती. पाणी आलं की पयल्या बादलीच्या आवाजानं उठती."

"हे लिव," तू म्हणालीस. "जल्दी, विसरायच्या आत."

त्याच दिवशी दुपारी सोयाबीनची गाडी आली. पोरं काट्याभोवती जमली आणि मी त्यांना भरलेलं, रिकामं, निव्वळ समजावून सांगत होतो. तू मागे उभी होतीस. "हेच," तू म्हणालीस. "बिलकुल हेच." केबिनमध्ये जाऊन तू खराब झालेल्या पावत्यांचा गठ्ठा उचलून आणलास आणि एकेकाला एकेक वाटलीस. मागच्या बाजूला एक वाक्य लिहायचं. पुढच्या बाजूला, जिथं टन आणि क्विंटल येतात, तिथं शब्द मोजून लिहायचे. किती लिहिले ते भरलेलं. काढले तरी काही बिघडत नाही असे किती, ते रिकामं. मग निव्वळ.

पहिली पावती त्या पोफळीवाल्याची. "अत्यंत रमणीय व निसर्गरम्य असे माझे गाव आहे." भरलेलं आठ. त्यानं स्वतःच पाच खोडले आणि 'माझे गाव आहे' एवढं ठेवलं. निव्वळ तीन. छाती फुगवून तुला दाखवायला आला.

"बेटा, तुला गाव हाये हे आम्हाला ठाऊक नव्हतं व्हय?"

त्यानं ते तीनही खोडले. ती शून्याची पावती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नंतर तोच पोरगा लिहायला लागला की त्याच्या गावात दोन पानटपऱ्या आहेत, आणि एका टपरीवर बसणारी माणसं दुसऱ्या टपरीवर का बसत नाहीत. ते वाचून त्याच्या बापानं त्याला दोन दिवस घरात बोलू दिलं नाही. तू म्हणालीस, वजन बराबर निघालं.

अलीकडे पोरं मोबाईलला निबंध मागायला लागली. त्यातही नारळ होते, फक्त शुद्धलेखन चांगलं होतं. तू रागावली नाहीस. "मोबाईलला इचार," तू म्हणायचीस, "त्याच्या गावात पाणी किती दिवसांनी येतं." पोरं खरंच विचारायची. मग तू म्हणायचीस, "त्याला न्हाई ना माहीत? तुला हाये. मंग लिहायचं कोणी?"

पोरं मला काटामामा म्हणायला लागली. तू बाई, म्हणून तुझा भाऊ मामा. माझं काम मोजायचं. ते मला जमतं. आपला आज्जा संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून मेंढरं मोजायचा. तू म्हणायचीस, "आज्ज्यानं मेंढरं मोजली, तू गाड्या मोजतो, मी वाक्यं मोजून राह्यले. आपल्या घरात धंदा बदलला न्हाई, माल बदलला."

मेंढरांवरून आठवलं. मी दहावीत होतो आणि मराठीत सारखा नापास होत होतो. गणितात पैकीच्या पैकी आणि मराठीत शून्याच्या आसपास, म्हणून आपल्या बापानं, दादांनी, माझी शाळा सोडवायची ठरवली होती. तू तेव्हा नुकती नोकरीला लागलेली. तू दादांना म्हणालीस, मला चार महिने द्या. मला म्हणालीस, रोज एक वाक्य, जास्त नको. मला सुचेना. तू म्हणालीस, जे मोजलंस ते लिव. मी लिहिलं, "आज चाळीस गेली, एकोणचाळीस आली." तू वही माझ्याकडे परत सरकवलीस. "मंग काय झालं?" मी बराच वेळ बसलो आणि पुढे लिहिलं, "बाप जेवला नाही."

तू ते वाचलंस. वही मिटवलीस आणि बाहेर गेलीस. त्या वर्षी मी मराठीत पास झालो. आज काटा आहे, लेकरं शिकली, जुने हिशेब सोडवायला चार माणसं माझ्याकडे येतात, ते सगळं त्या दोन वाक्यांवर उभं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत होतं, असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. सांगायला पाहिजे होतं.

आता वाद.

गंगासागर या वर्षी दहावीला आहे. तिची आई मागच्या वर्षी गेली. शाळेच्या सराव परीक्षेत निबंध आला, 'माझ्या जीवनातील दुःखद प्रसंग'. तिनं लिहिलं:

"आई गेली तव्हा मी रडले न्हाई, भाकरी थापून राह्यल्ते."

तपासणाऱ्यांनी ते पूर्ण वाक्य लाल पेनानं खोडलं आणि वर लिहून दिलं, "आईच्या निधनाने माझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला." आणि खाली सूचना: हे वाक्य दहा वेळा लिहून आणणे.

ती तो पेपर घेऊन रविवारी शेडमध्ये आली. आल्याआल्या तुझ्यासमोर ठेवला. तू वाचलास आणि माझ्याकडे दिलास. मी मोजलं, कारण मला तेवढंच येतं.

"डोंगरवाल्याचे सहा," मी म्हणालो. "हिचे नऊ."

"सहाच्या सहा रिकामे," तू म्हणालीस. "हिचे नऊच्या नऊ माल."

"ते मला दिसतंय. पण आक्का, 'तव्हा'चं 'तेव्हा' कर, 'न्हाई'चं 'नाही' कर, 'थापून राह्यल्ते'चं 'थापत होते' कर. मोज. नऊच राहतात. वजन तेच. मंग फुकट मार्क कामून घालवायचे पोरीचे?"

"वजन तेच न्हाई."

"नऊ म्हणजे नऊ."

तू गंगासागरकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही. "'थापत होते' म्हणलं की भाकरी झाली, तवा उतरला. 'थापून राह्यल्ते' मधी तवा अजून चुलीवर हाये. ही पोरगी अजून तिथंच बसून हाये, बापू. तुझ्या काट्यावर ते येत न्हाई."

मी म्हणालो, "बोर्डाच्या पेपरात तवा तपासत न्हाईत, वेलांटी तपासतात."

हे मी पोरीच्या देखत बोललो. ती उठून सायकलकडे गेली. तू काही म्हणणार होतीस, तुझा हात वर आलेला मला दिसला, पण तेवढ्यात काट्यावर गाडीनं हॉर्न दिला. "जा," तू म्हणालीस, "तुझी गाडी आली." मी जाऊन वजन केलं, पावती फाडली आणि परत आलो तेव्हा शेडच्या बाहेर तुझ्या चपला नव्हत्या.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू. बुधवारी दुपारी तू गेलीस.

शाळेनं शोकसभा घेतली. मी पहिल्या ओळीत बसलो होतो. भाषणं ऐकताना मी बोटांच्या पेरांवर मोजत होतो, तू असतीस तर कोपर मारलं असतंस. अकरा मेलेली वाक्यं झाली, आणि पोकळी दोनदा आली. कधीही भरून न निघणारी. माझ्या मनात आलं, भरायला निघालंय कोण?

सभेनंतर चहा होता. संस्थेचे सचिव माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला.

"बापूराव, बाईंकडं बघून आम्ही गप होतो. आता ते काट्यावरचं बंद करा. दहावीचं वर्ष हाये. आम्ही छापील नोट्स देऊन राह्यलो, पोरांनी त्या पाठ कराव्या. तुमच्या शेडात जाऊन पोरं पेपरात 'राह्यल्ते' लिव्हून राह्यलेत."

मी म्हणालो, "सर, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"लिव्हून राह्यलेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "ते बोलण्यातलं झालं. लिहिण्यातलं येगळं असतं."

आक्का, हेच मी तुला सांगत होतो. अक्षर न् अक्षर हेच. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला ते आवडलं नाही. त्या एका वाक्यात डोंगरही बसत होता आणि वेलांटीही. मी फक्त वेलांटीपुरतं म्हणत होतो, त्यांनी त्याच गाडीत डोंगर चढवला. मी दारात उभा राहून गाडीला वाट करून दिली होती.

मी त्यांना म्हणालो, "बंद होणार नाही."

"शिकवणार कोण? तुम्ही?"

"मी मोजणार."

ते हसले. हसू देत.

सुतकाच्या दिवसांत काटा बंद होता. सोमवारी केबिन उघडली तर दाराच्या फटीतून आत सरकवलेली एक पावती खाली पडली होती. आपलीच, खराब गठ्ठ्यातली. मागे लिहिलं होतं:

"बाई गेल्या. मी आल्ते. कुलूप होतं."

पुढच्या बाजूला तिन्ही ओळी भरलेल्या. भरलेलं सहा. रिकामं शून्य. निव्वळ सहा. नाव लिहिलेलं नव्हतं. गरज नव्हती.

मी खुर्चीत बसलो आणि सवयीनं पेन काढलं. 'आल्ते' खोडून 'आले होते' केलं असतं तर वाक्य बोर्डाच्या हिशेबात बसलं असतं. मग मोजलं. सात होतात. एक शब्द वाढतो आणि माल तेवढाच राहतो. म्हणजे माझ्याच काट्यावर, माझ्याच पद्धतीनं, घरची भाषा एका शब्दानं हलकी निघाली. मी पेन खिशात घातलं.

तर ऐक. हा एक डाव तुझा. फक्त एक.

बाकी मी सोडलेलं नाही. बोर्डाच्या पेपरात 'नाही' लिहा, 'होते' लिहा, असं मी पोरांना सांगणारच. परीक्षा घेणाऱ्याचा काटा वेगळा असतो आणि त्याच्यावर गाडी चढवायची तर त्याच्या पट्ट्यातच उभी करावी लागते. ह्या लेखातही मी स्वतः लिहिताना सगळीकडे 'नाही' लिहिलं आहे, ते मुद्दाम. पण आधी घरचं वाक्य लिहायचं, तव्यासकट. त्याची दुसरी प्रत काढायची, आणि त्या प्रतीत वेलांटी बदलेल, शब्द बदलेल, तवा बदलणार नाही. भाकरीच्या जागी डोंगर येणार नाही. गंगासागरला ते वाक्य दहा वेळा लिहायला लागणार नाही. मी शाळेत जाऊन तसं सांगून आलो आहे, लेखी. चार ओळींचा अर्ज. भरलेलं एकोणतीस, रिकामं तीन, आणि ते तीन म्हणजे 'आपला विश्वासू' आणि माझी सही. पोच घेतली आहे.

तव्याचं मात्र मला अजून पूर्ण कळलेलं नाही. 'थापत होते' आणि 'थापून राह्यल्ते', दोन्ही दोन-दोन शब्द, माझ्या काट्यावर बरोबरी. तू म्हणतेस फरक आहे. मी चार दिवस ती दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली. घरात सगळे बघायला लागले. बायको म्हणाली, "आता बस करा, भाकरी करपून राह्यली." मी तिथंच थांबलो. तिनं 'करपत आहे' म्हटलं असतं तर मी उठलो नसतो, आक्का. तिनं 'करपून राह्यली' म्हटलं आणि मी तवा उतरवायला उठलो. ह्याला पुरावा म्हणायचं का, ते तू सांगायला नाहीस.

आणि एक. माझी ती दहावीची वही. "बाप जेवला नाही," असं मी वर लिहिलं, पण मी तेव्हा नक्की काय लिहिलं होतं मला आठवत नाही. पंधरा वर्षांचा होतो, मेंढरांमागून आलेला. मी 'न्हाई'च लिहिलं असणार. म्हणजे मी तुझ्याशी वाद घालत होतो आणि उत्तर इतकी वर्षं माझ्याच वहीत होतं, तू वाचलेलं. तू एकदा जरी ते काढलं असतंस तर मी गप्प बसलो असतो. तू काढलं नाहीस. मला जिंकू द्यायचं होतं तुला, की माझं मलाच सापडू द्यायचं होतं, कोण जाणे. तुझ्या पेटीत ती वही असेल तर भाचा शोधतो म्हणाला आहे. नसली तरी चालेल.

शाळेच्या स्मरणिकेत हे छापलं तर छापलं. छापताना एक विनंती आहे, शेवटचा शब्द दुरुस्त करू नये. तो चुकून आलेला नाही, मी मोजून ठेवला आहे. नाही छापलं तर केबिनच्या भिंतीवर चिकटवेन. फाट्यावर थांबणाऱ्या माणसांना वाचायला वेळ असतो.

उद्या रविवार आहे. किती पोरं येतील माहीत नाही. नोट्स वाटून झाल्या आहेत, काहींच्या घरून निरोप आले आहेत. शबानाचा भाऊ येतो म्हणाला. पोफळीवाला आता जालन्याला कॉलेजात आहे, तो म्हणाला, मामा, मी येऊन बसतो, जागा भरलेली दिसेल. मी म्हणालो, नुसता बसायला येऊ नको, एक वाक्य घेऊन ये.

गंगासागरला निरोप पाठवला नाही. निरोप म्हणजे बोलावणं झालं असतं, आणि तिनं विचारलेलं वेगळं होतं. तिनं एक पावती टाकली होती, तिला पावतीनंच उत्तर द्यायला पाहिजे. आज संध्याकाळी काटा बंद करताना मी खराब गठ्ठ्यातली एक घेतली. भरलेलं दोन, रिकामं शून्य, निव्वळ दोन. तिच्या सायकलवरून, न उतरता वाचता येईल इतक्या उंचीवर दाराला लावली आहे.

कुलूप न्हाई.